मागाचा आवाज आधी, पेटी नंतर

पत्र:
ताई, मी सोलापुरात जनसंवादाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चौघांनी मिळून 18 मिनिटांची शॉर्टफिल्म केलीय. गोष्ट माझ्या वडिलांवरूनच सुचलेली आहे. ते अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करतात. घरी सगळ्यांशी मोठ्यानं बोलतात. फिल्ममधल्या मुलीला वाटतं, बाबा सतत चिडलेले असतात. त्यांना ऐकूच कमी येतं, हे तिला अगदी शेवटी कळतं. आता 1 मिनिट 40 सेकंदांचा ट्रेलर कापलाय. एडिट करताना खाली एका इंग्रजी ट्रेलरचं संगीत ठेवलं होतं, ते काढून आमचं लावायचंय. एका मित्राला नेटवर फुकट मिळणारं, ढोल धडाडणारं 'सिनेमॅटिक' संगीत हवंय. मैत्रीण म्हणते, उदास बासरी लावू. मला वडिलांच्या आवडीचं जुनं हिंदी गाणं लावावंसं वाटतं, फिल्ममध्येही ते रेडिओवर वाजतं. सर म्हणतात, 'मूड पकडला जात नाहीये.' पुढच्या महिन्यात कॉलेजात दाखवायचंय, मग यूट्यूब आणि इन्स्टावर टाकू. पैसे नाहीत. काय लावू?
– एक विद्यार्थिनी, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर:

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं ते हे, की तुमच्याकडे गोष्ट फार चांगली आहे. आणि तिन्ही संगीतं ती बिघडवणार आहेत, प्रत्येक आपल्या परीनं.

सरांचं 'मूड पकडला जात नाहीये' हे वाक्य घेऊन संगीत शोधायला बसू नकोस. चौघांना विचारलंस तर चौघं मूडची चार नावं सांगतील. त्याऐवजी एकच ठरवा: ट्रेलर संपल्यावर बघणाऱ्याच्या मनात कोणता प्रश्न राहायला हवा? मला तुझ्या पत्रातून जो दिसला तो असा: हा माणूस एवढा ओरडतो का? बस. ट्रेलरचं काम हा प्रश्न उभा करून बाजूला होण्याचं आहे. आता तिन्ही पर्याय या प्रश्नाशेजारी ठेवून बघ.

ढोलवालं संगीत घे. मोठ्यानं बोलणारा बाप, दाराआड उभी मुलगी, आणि खालून धडाम-धडाम. बघणारा तिसऱ्या सेकंदाला ठरवतो की हा बाप मारकुटा आहे आणि पुढे घरात काहीतरी भयंकर घडणार आहे. तो फिल्म बघायला येईल तो हाणामारीच्या अपेक्षेनं. शिवाय ज्यांच्यावरून ही गोष्ट सुचली त्या तुझ्या वडिलांवर, सभागृहात बसलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तो अन्याय होईल. मित्राला हे नीट समजावून सांग. त्याला ट्रेलरमध्ये जोर हवाय, ते रास्तच आहे. जोर मिळेल, पण दुसरीकडून.

बासरी उलट टोकाला जाते. ती वाजली की बाप बिचारा होतो. प्रश्न पडायच्या आधीच उत्तर हातात: गरीब कामगार, हाल, डोळे पुसा. गरिबांवरच्या फिल्मला उदास बासरी ही इतकी ठरलेली जोडी झालीय की कान ती ऐकतच नाही. तुझे वडील बिचारे आहेत असं तुझ्या पत्रात कुठेही म्हटलेलं नाही. मग संगीतानं तरी ते का म्हणावं?

जुन्या गाण्याचं पुढे सांगते, त्यात कायद्याचा भाग आहे.

आता खरी गोष्ट. तुमच्या ट्रेलरचं संगीत वडिलांच्या कारखान्यात रोज वाजतंय. बाप मोठ्यानं का बोलतो, याचं कारणच तो आवाज आहे. तोच ट्रेलरचा ठेका होऊ दे. सुरुवातीला प्रेक्षकाला तो फक्त ताल वाटेल, फिल्म बघून झाल्यावर त्याला कळेल की आपण काय ऐकत होतो. बाहेरून आणलेल्या कुठल्याही तुकड्याला हे जमणार नाही.

त्यासाठी मालकाची परवानगी काढा आणि आवाज टिपायला जा. फोनचा नेहमीचा रेकॉर्डर आवाज दाबून-दाबून साठवतो, म्हणून आवाज न दाबता साठवणारी वेव्ह (WAV) फाइल देणारं अ‍ॅप घ्या आणि त्याचा सॅम्पल रेट 48,000 हर्ट्झवर ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर. मागाच्या अगदी जवळ फोन नेलात तर आवाज फाटेल, आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. आधी दाराशी उभे राहून टिपा, मग भिंतीबाहेरून, मग दार हळूहळू बंद होताना. एकच माग सुरू होतानाचा आवाज वेगळा घ्या, बंद होतानाचाही: बटण दाबल्यावरचे शेवटचे दोन-चार खटके, मग नुसता पंखा. पाळी बदलताना हे सहज मिळेल. तिथे जुना धोट्याचा माग असेल तर धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, मागाच्या या टोकाहून त्या टोकाला जाऊन आपटतो तो खटका कोरडा आणि धारदार येतो. धोट्याशिवाय चालणाऱ्या नव्या रेपियर मागाचा आवाज त्याहून सलग असतो. दोन्ही असतील तर दोन्ही घ्या, पण ट्रेलरला धोट्याचा जास्त उपयोगी पडेल, कारण त्यात दोन ठोक्यांमधली जागा ऐकू येते.

घरी आल्यावर मिनिटाला किती ठोके पडतात ते मोज. समजा 100 आले. म्हणजे दर 0.6 सेकंदाला एक. तुमची फिल्म सेकंदाला 25 फ्रेमची असेल तर एका ठोक्याला बरोबर 15 फ्रेम, 30 ची असेल तर 18. आता टाइमलाइनवर दर ठोक्याला खूण पडली. पण प्रत्येक कट ठोक्यावर मारू नका. सलग चार कट ठोक्यावर पडले की प्रेक्षक पाचवा आधीच धरतो आणि चित्र बघायचं सोडून मोजायला लागतो. काही कट ठोक्याच्या दोन-तीन फ्रेम आधी मारा, काही शॉट तीन-चार ठोके चालू द्या. तुझ्या मित्राला हवा असलेला जोर इथे मिळेल. सुरुवातीला भिंतीबाहेरचा आवाज, मग दाराशी, मग आतला. वेग तोच, पण आवाज जवळ येत जातो. ढोलाची गरजच पडत नाही.

इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. गोंगाटानं जाणारी श्रवणशक्ती सगळीकडून सारखी जात नाही. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, साधारण 3,000 ते 6,000 हर्ट्झमधले, 4,000 च्या आसपास सर्वांत जास्त. भाषेत त्या पट्ट्यात काय येतं? स, श, च, फ, त यांसारख्या व्यंजनांची धार. अ, आ, ओ यांसारखे स्वर खालच्या पट्ट्यात असतात, ते शाबूत राहतात. म्हणून अशा माणसाला कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. 'पाच', 'पास' आणि 'पात' त्याच्या कानाला एकच. घरचे म्हणतात, 'ऐकू तर येतं, मुद्दाम लक्ष देत नाहीत.' तुझ्या फिल्ममधल्या मुलीचा गैरसमज नेमका इथेच आहे ना?

मग ट्रेलरमध्ये एकदा, एकदाच, तिचं एक वाक्य आम्हाला बाबांच्या कानानं ऐकव. एडिटिंगच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये लो-पास फिल्टर, म्हणजे ठरवलेल्या हर्ट्झच्या वरचे आवाज कापणारी सोय, असतो, फुकटच्या ऑडॅसिटीतही आहे. तो 1,500 ते 2,000 हर्ट्झच्या मध्ये ठेव. वाक्याचा चढउतार कळेल, शब्द निसटतील. प्रेक्षकाला वाटेल की ती खोलीबाहेरून बोलतेय, किंवा त्याचंच लक्ष नव्हतं. उत्तर फुटणार नाही, पण खूण राहील. दोनदा केलंस तर फुटेल.

तुझ्या वडिलांची श्रवणचाचणी झालीय का? नसेल तर ती आधी करून घे, फिल्मसाठी नव्हे, त्यांच्यासाठी. सिव्हिल हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात विचार. चाचणीचा एक आलेख हातात येतो, त्यात कोणत्या हर्ट्झला किती कमी ऐकू येतं ते रेघेवर दिसतं. गेलेलं ऐकणं परत येत नाही, पण यंत्राचा उपयोग होतो, आणि उरलेलं ऐकणं कानात इअरप्लग घालून वाचवता येतं. वडिलांची हरकत नसेल तर त्याच आलेखावरून तुझा फिल्टर लाव. मग तो आवाज खराखुरा त्यांचा असेल.

ठेक्यावर आणखी काही हवं का? माझ्या मते एक वाद्य हवं, एकच. मागाचा आवाज तुटक आहे, म्हणून सोबतीला लांब धरता येणारा सूर बरा. हलगी किंवा संबळाचा मोह होईल, सोलापुरात दोन्ही वाजवणारे सहज मिळतात. पण हलगी मागाच्याच पट्ट्यात कडाडते, दोघं एकमेकांना खातील. आणि संबळ वाजला की आपल्याकडच्या माणसाला तुळजापूरची आई आणि गोंधळ आठवतो. टाळमृदंग म्हणजे वारी, सनई म्हणजे मांडव. हे अर्थ त्या वाद्यांना चिकटलेले आहेत, ट्रेलरच्या एका मिनिटात ते सोडवता येत नाहीत. तुमच्या गोष्टीत देव नाही, लग्न नाही, मिरवणूक नाही.

म्हणून माझं मत पेटीला, म्हणजे हार्मोनियमला. तुमच्या भागात भजनी मंडळं आहेत, कुणीतरी पेटीवाले काका दहा मिनिटं देतील. चाल वाजवायला सांगू नकोस. मागाच्या रेकॉर्डिंगमध्ये खटक्यांमागे मोटरची एक सलग गुणगुण असते, ती हेडफोनवर ऐकून पेटीवर कुठे जुळते ते काकांना शोधू दे. तो सा. मग फक्त सा आणि पंचम (प) धरायचे. गंधार (ग) लावायचा नाही. शुद्ध गंधार लागला की सूर उजळतो, कोमल लागला की उतरतो, आणि ऐकणारा ठरवून टाकतो की काय वाटून घ्यायचं. सा-प नुसते राहिले की त्याला ते ठरवता येत नाही, तो ताटकळतो. तुमच्या प्रश्नाला हेच हवंय. भात्याचा फुसफुस आवाज येईल, तो काढू नका. फिल्मच्या शेवटी, मुलीला कळतं तिथे, हवा तर गंधार लावा. ट्रेलरमध्ये नको.

आता गप्पपणा. तू लिहिलं नाहीस, पण अशा फिल्ममध्ये एक शॉट असणारच: बाबा पाठमोरे बसलेत, मुलगी मागून हाक मारते, ते वळत नाहीत. नसेल तर अजूनही घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. ट्रेलरमध्ये हा शॉट आला की माग आणि पेटी दोन्ही थांबव. एकदम थांबव, हळूहळू नको. पण टाइमलाइन कोरी सोडू नकोस. कोऱ्या टाइमलाइनवर प्रेक्षकाला वाटतं स्पीकर गेला. त्या खोलीचा आवाज ठेव: पंखा, गल्लीतला स्कूटरवाला, शेजारचा कुकर. शूटिंगच्या वेळी खोलीचा नुसता आवाज मिनिटभर टिपला असेल तर उत्तम, नसेल तर त्याच घरी त्याच वेळेला जाऊन आणा. हाक मात्र स्वच्छ, पूर्ण ऐकू येऊ दे. आधीच्या शॉटमध्ये पुसट केलेलं तिचं बोलणं आणि इथली स्वच्छ हाक यांतला फरक कुणाच्या तरी लक्षात येईल, आणि तो माणूस तुमची फिल्म बघायला नक्की येईल.

इंग्रजी ट्रेलरच्या संगीताबद्दल. ते आजच काढून टाका, आणि दोन दिवस ट्रेलर पूर्ण मुका बघा. उसन्या संगीतावर एडिट केलं की कट त्या संगीताच्या चढावर बसलेले असतात. नंतर दुसरं काहीही लावा, फिकंच वाटतं, कारण कान जुन्याची वाट बघत असतो. सरांना जे खटकतंय त्यातलं निम्मं हेच असावं असा माझा अंदाज आहे. मुका बघताना जिथे कंटाळा येईल तिथे संगीत भरायचं नाही, शॉट काढायचा. 18 मिनिटांच्या फिल्मला 1 मिनिट 40 सेकंद फार होतात. 50-60 सेकंदांवर आणा.

जुन्या गाण्याचा प्रश्न. मनातून का लावावंसं वाटतंय ते समजतं, पण दोन अडचणी आहेत. पहिली, ओळखीचं गाणं लागलं की प्रत्येकजण आपापल्या आठवणीत जातो, तुझा बाप पडद्यावर एकटा राहतो. दुसरी कायद्याची. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाण्यात एकाहून जास्त हक्क असतात: शब्द आणि चालीचे वेगळे, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतो, पण गीतकार आणि संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. त्यामुळे 'रेकॉर्ड जुनी आहे, चालतं' हा हिशोब चुकतो. 'दहा सेकंद चालतात' असंही मुलं सांगतात, तसा सेकंदांचा कुठलाही आकडा कायद्यात नाही. श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही होत नाही. शिक्षणसंस्थेच्या आवारातल्या कार्यक्रमांना कायद्यात काही सवलती आहेत, पण त्यांच्या भरवशावर यूट्यूबवर किंवा एखाद्या फेस्टिव्हलला पाठवता येणार नाही. यूट्यूबची यंत्रणा अपलोड होतानाच गाणं ओळखते. मग दावा येतो, कधी आवाज बंद होतो, कधी व्हिडिओच दिसत नाही.

हे फिल्ममधल्या रेडिओलाही लागू आहे, ते आत्ताच सोडवून टाका. रेडिओवर बातम्यांसारखं काहीतरी तुम्हीच वाचून रेकॉर्ड करा. किंवा तुझी आजी असेल आणि तिला तेलुगू किंवा कन्नड पाळणा येत असेल, पूर्वापार चालत आलेला, तर तो तिच्याकडून म्हणवून घ्या. लोकगीत कुणा एकाच्या मालकीचं नसतं. मात्र त्याची बाजारातली सीडी उचलायची नाही, त्या रेकॉर्डिंगवर हक्क असतो. आजीचं रेकॉर्डिंग तुमचं. मला तर ते रेडिओवरच्या गाण्यापेक्षा कितीतरी जास्त आवडेल.

एवढं करूनही फुकटचा एखादा तुकडा लागलाच तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत किंवा फ्रीसाउंड या साइटवर बघा, आणि परवान्याची ओळ वाचल्याशिवाय उतरवू नका. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे निर्मात्यानं अटी घालून दिलेली वापराची मुभा; तिचा 'बीवाय' परवाना असेल तर नाव द्यायचं. 'एनसी' असेल तर पैसे कमवायला वापरायचं नाही. 'एनडी' असेल तर तुम्हाला ते चालणारच नाही, कारण चित्राशी जुळवून लावलेलं संगीत त्या परवान्यात नवी घडवलेली कृती धरतात आणि ती प्रसिद्ध करायला 'एनडी'मध्ये परवानगी नाही. हे बहुतेक विद्यार्थ्यांना माहीत नसतं. उतरवल्याच्या दिवशी परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मिक्सिंगचं थोडक्यात. बोलणं आधी, मग माग, मग पेटी. शब्द येतात तिथे माग खाली घ्या. यूट्यूब आवाजाची पातळी साधारण उणे 14 लफ्सला (LUFS, कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आणतं, त्यामुळे तुम्ही कितीही मोठा ठेवलात तरी ते खाली ओढणार. त्याच्याच आसपास ठेवा आणि शिखर उणे 1 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फोनच्या स्पीकरवर खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत, म्हणून पेटी खर्जात ठेवू नका. साध्यातल्या साध्या फोनवर, सात रस्त्याला उभं राहून ऐकून बघा. हाक ऐकू आली तर जमलं. कॉलेजच्या सभागृहासाठी वेगळा मिक्स लागेल, तिथे घुमतं. आदल्या दिवशी जाऊन वाजवून बघा.

झाला की आधी कॉलेजात दाखवू नका. वडिलांच्या पाळीतल्या दोघातिघांना दाखवा. 'आवडलं का' विचारलंत तर ते 'छान आहे' म्हणतील. त्याऐवजी विचारा, या फिल्ममध्ये काय असेल असं वाटतं? कुणी 'बाप लय तापट दिसतोय' म्हणालं तर ठेका जास्त चढलाय, थोडा उतरवा. कुणी 'बिचारा' म्हणालं तर पेटी कमी करा. आणि कुणी ठेका ऐकून माग ओळखला तर त्याला विचारा, कुठल्या शॉटला ओळखला. मागावरचा माणूस तो पहिल्या खटक्याला ओळखेल, ते चांगलंच आहे. कॉलेजातल्या मुलांना मात्र तो मध्यावर कळला पाहिजे.

पेटीवाल्या काकांची आणि आजीची संमती दोन ओळींत लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेजही जपून ठेवा. श्रेयनामावलीत त्यांची पूर्ण नावं द्या. कारखान्याचं नाव मालकाला विचारूनच. आणि टिपायला आत जाल तेव्हा तुम्ही चौघंही कानात इअरप्लग घालून जा, वडिलांसाठी एक जोडी जास्तीची घ्या.